ऋणमोचनचा घाट

माझ्या पदवीच्या कागदावर संत गाडगेबाबांचं नाव छापलेलं आहे. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, म्हणून. तिथे शिकत होतो तेव्हा बाबांबद्दल मला माहीत होतं ते एवढंच: हातात खराटा, अंगावर चिंध्या, जवळ मातीचं गाडगं आणि शाळेच्या भिंतीवर रंगवलेली दशसूत्री. स्वच्छतेचे संत. २ ऑक्टोबरला गांधींच्या शेजारी त्यांचा फोटो लागायचा, आम्ही मैदान झाडायचो, केळं मिळायचं, घरी यायचो.

ते मुळात स्वच्छतेचे संत नव्हते, कर्जाच्या विरुद्ध लढणारा माणूस होते, हे मला फार उशिरा कळलं. कळलं ते एका गावाच्या नावामुळे.

ऋणमोचन. अमरावती जिल्ह्यात, भातकुली तालुक्यात, पूर्णा नदीच्या काठावरचं गाव. इथे मुद्गलेश्वराचं देऊळ आहे आणि पौष महिन्यातल्या रविवारी यात्रा भरते. इथे आंघोळ केली की माणूस ऋणातून सुटतो, अशी श्रद्धा. घर सोडल्यावर गाडगेबाबांनी पहिलं मोठं काम उभं केलं ते या गावात. नदीवर घाट बांधला.

यात्रा संपल्यावर, फेब्रुवारीत मी तिथे गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग, मध्येच हरभऱ्याची सोंगणी. घाटाच्या पायऱ्यांवर एक म्हातारेबुवा उन्हाला बसले होते. मी विचारलं, "काका, इथं आंघोळ केली की कर्ज फिटते म्हणतात, खरं का?" ते हसले. म्हणाले, "फिटत असतं तं मी अठीच झोपडं टाकलं असतं, भाऊ."

खाली पूर्णा होती. नदी म्हणण्यापेक्षा पाण्याची एक बारीक ओळ. तिच्या कडेला गुटख्याच्या पुड्या, पत्रावळींच्या जागी आलेल्या थर्मोकोलच्या ताटल्या, निर्माल्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. वर घाट शाबूत होता.

ऋण, नदी आणि खराटा. या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध आहे, ते त्या पायरीवर बसून मला पहिल्यांदा नीट दिसलं.

पांढरं सोनं, काळा कागद

वऱ्हाड कर्जात कसं गेलं, हे समजल्याशिवाय गाडगेबाबा समजत नाहीत. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांनी आपल्या हातात घेतला. आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोचेना. गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. भाव चढले. त्याच दशकात मुंबईहून निघालेला रेल्वेचा रूळ अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरपर्यंत गेला. जिथे गाडी थांबली तिथे कापसाचे बाजार आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. आजची आपली शहरं बरीचशी या कापसानेच वाढवली.

युद्ध संपलं आणि भाव कोसळले. पण शेतात ज्वारीच्या जागी आलेला कापूस गेला नाही. आधी शेतकरी घरचं पिकवून घरचं खात होता, उरलेलं विकत होता. आता विकण्यासाठी पिकवायचं आणि खाण्यासाठी विकत घ्यायचं, असा उलटा हिशेब सुरू झाला. शिवाय इंग्रजांच्या जमाबंदीने जमीन ज्याच्या त्याच्या नावावर केली होती. ज्याच्या नावावर जमीन, तो ती गहाण टाकू शकतो, विकू शकतो. सावकाराला हेच हवं होतं. पूर्वी कर्ज बुडालं तर सावकार धान्य न्यायचा, आता थेट शेत नेऊ लागला. मधे पांढऱ्या कागदावर काळ्या शाईचा एक अंगठा असायचा. त्यात १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले.

हे सगळं डेबूजीच्या घरात घडलं. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, गाव शेंडगाव, आज अंजनगाव सुर्जी तालुक्यात. जात परीट. वडील दारूने लहानपणीच गेले. आई सखूबाई त्याला घेऊन माहेरी आली, अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. मामाची जमीन होती, डेबूजी गुरं राखायचा, पुढे नांगर धरू लागला. मेहनती पोरगा, गळा गोड, रात्री भजनाला पुढे.

मग मामाच्या अंगठ्याचा एक कागद सावकाराच्या वहीतून बाहेर आला. चरित्रकार सांगतात की अक्षरओळख नसलेल्या मामाला आपण कशावर अंगठा दिला हे कळलंच नव्हतं. जमीन गेली आणि काही दिवसांत मामाही गेले. सावकाराची माणसं शेतात नांगर घालायला आली तेव्हा तरुण डेबूजी आडवा झाला, असंही सांगतात. गावात तोवर सावकाराच्या समोर उभं राहायची कुणाची छाती नव्हती.

त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू हवी होती. डेबूजीने गोड जेवण घातलं. पाहुणे नाराज झाले. आज आपण याला व्यसनमुक्ती म्हणू. मला त्यात आधी हिशेब दिसतो. बाप दारूने गेला, मामा कागदाने गेला. जेवणावळीसाठी घेतलेल्या कर्जाचा कागद कुठे पोचतो, हे त्या घराला ठाऊक होतं.

खराटा आधी, कीर्तन नंतर

१ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजी घर सोडून निघाला. वय २८. त्यानंतरच्या काही वर्षांत लोक त्याला वेगवेगळ्या नावांनी ओळखू लागले. कुणी गोधडेबुवा म्हणायचं, कुणी चिंधेबुवा, शेवटी गाडगेबाबा हे नाव टिकलं. अंगावर ठिगळं जोडून केलेलं वस्त्र, जवळ फुटकं गाडगं. त्यातच जेवायचं, त्यातच पाणी प्यायचं, ऊन लागलं की तेच डोक्यावर. एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीचा तुकडा.

आज याला आपण टाकाऊतून टिकाऊ म्हणू, त्याचे व्हिडिओ करू. बाबांना त्यातून एक साधी गोष्ट सिद्ध करायची होती. लोकांनी टाकलेल्या वस्तूंवर एक माणूस आयुष्यभर जगू शकतो. ज्याला काहीच विकत घ्यावं लागत नाही, त्याला कर्ज काढावं लागत नाही. मग त्याला कुणाची भीती राहत नाही.

त्यांची काम करायची रीत ठरलेली होती. गावात यायचं आणि काही न बोलता झाडायला लागायचं. कुणी भाकरी दिली तर आधी त्याच्या घरचं काम करायचं, मग खायचं. पाहता पाहता चार पोरं, चार बायका खराटे घेऊन येत. संध्याकाळपर्यंत गाव झाडून निघे. रात्री कीर्तन. तेही प्रवचनासारखं नाही. वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचं. दगडाला नवस, बोकडाचा बळी, तेराव्याची जेवणावळ, ऐपत नसताना काढलेली तीर्थयात्रा, दारू, पोरांना शाळेत न घालणं, शिवाशिव. एकेक विषय घेऊन ते तो लोकांच्याच हातात देत.

ऋणमोचनला ते आले ते असेच. काळी माती ओली झाली की लोण्यासारखी घसरते, आणि नदीकाठी ती कायमच ओली असते. आंघोळीला येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे, लेकुरवाळ्या बायांचे तिथे हाल होत. बाबांनी आधी स्वतःच्या हातांनी काठ नीट करायला घेतला, मग लोकांचे हात लागले, मग पैसा आला, आणि १९०७-०८ च्या सुमारास तिथे पक्कं बांधकाम उभं राहिलं. यात्रेत येणाऱ्या आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालायची प्रथाही त्यांनी तिथे पाडली.

ऋणातून सुटायला लोक ज्या गावी येतात, तिथे या माणसाने पाण्यात उतरायची पायरी बांधली. ऋण फिटेल की नाही, यावर तो काही बोलला नाही. निदान उतरताना कुणाचा पाय मोडू नये, एवढी सोय केली. त्यानंतरची सगळी कामं याच जातीची आहेत.

संस्थांची यादी की कर्जाची?

गाडगेबाबांनी उभ्या केलेल्या संस्थांची यादी मी एकदा वहीत लिहून काढली. पंढरपूरला १९२० च्या सुमाराची चोखामेळा धर्मशाळा, त्याशिवाय मराठा धर्मशाळा. नाशिक, आळंदी, देहू, त्र्यंबकेश्वर इथे धर्मशाळा. मूर्तिजापूरला गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी १९५४ ची धर्मशाळा. शिवाय सदावर्तं, वसतिगृहं, आश्रमशाळा, नदीवरचे घाट.

मग समोरच्या पानावर मी दुसरी यादी लिहिली: आमच्याकडच्या घरांत कर्ज कशासाठी निघतं. वारी-तीर्थयात्रा. आजारपण, त्यातही शहरात नेऊन करावं लागलेलं. पोरांचं शिक्षण. लग्न, बारसं, तेरावं. बैल मेला किंवा म्हातारा झाला की नवा बैल.

दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि थबकलो. ही एकच यादी होती.

वारीला गेलेल्या गरीब माणसाला आणि त्यातही अस्पृश्य म्हणून कुणी दारात उभं न करणाऱ्या माणसाला रात्री टेकायला जागा हवी, म्हणून पंढरपूरची धर्मशाळा. लेकराला मुंबईच्या दवाखान्यात भरती केलेला बाप महिनाभर कुठे राहणार, काय खाणार? औषधाइतकाच पैसा त्यात जातो. म्हणून जे. जे. जवळची धर्मशाळा. पोराला शहरात शिकायला ठेवायचं तर खोलीचं भाडं कोण देणार? म्हणून वसतिगृह. भाकड गाय कसायाला किंवा सावकाराला देण्याऐवजी तिच्या शेणाचं खत व्हावं, म्हणून गोरक्षण. गरीब घरात कर्ज ज्या ज्या दाराने शिरतं, त्या त्या दारात या माणसाने एक इमारत उभी केली.

लग्न आणि तेरावं या दारांना इमारत बांधता येत नाही. तिथे कीर्तन होतं.

पैसा कुठून आला? मुख्यतः शहरांतून. मुंबईचे व्यापारी, तालुक्याचे जिनवाले आणि कीर्तनाला आलेले हजारो सामान्य लोक. कापसाने जो पैसा गावातून शहरात नेला होता, त्यातला थोडा बाबांनी धर्मशाळेच्या रूपाने गावच्या माणसासाठी परत आणला, असं मला म्हणावंसं वाटतं. ८ फेब्रुवारी १९५२ ला 'श्री गाडगे महाराज मिशन' स्थापन झालं आणि विखुरलेल्या संस्थांना एक छत्र मिळालं. शहरातल्या धर्मादाय संस्थेने गावांना आपल्या पायावर उभं राहायला कशी मदत करावी, याचा नमुना आपल्याकडे त्या आधीच तयार होता.

या नमुन्याचे काही नियम होते आणि ते कडक होते. बाबा स्वतः आपल्या धर्मशाळांत राहिले नाहीत, तिथलं खाल्लं नाही. घरच्या माणसांना संस्थांच्या कारभारात शिरू दिलं नाही. आपण कुणाचे गुरू नाही, आपला कुणी शिष्य नाही, हे ते सतत सांगत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. बांधायचं, चालतं करायचं, योग्य हातात द्यायचं आणि निघायचं. गादी नाही, मठ नाही, वारस नाही.

'शाश्वत' हा शब्द आज प्रत्येक सरकारी योजनेत आणि प्रत्येक संस्थेच्या अहवालात आहे. कीर्तनात तो देवासाठी वापरतात. गाडगेबाबांच्या कामात त्याचा अर्थ फार जमिनीवरचा होता. मी उद्या नसलो तरी हे चाललं पाहिजे.

इथे एक अडचण आहे

हे सगळं लिहिताना मला माझे आबाजी आठवतात. माझ्या आत्याच्या लग्नासाठी त्यांनी दोन एकर विकलं. ते गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेले होते, दारूला शिवले नाहीत, देवाला बोकड दिला नाही. तरी लग्नाच्या वेळी गावाने आणि सोयऱ्यांनी जे मागितलं ते दिलं. "लोक काय म्हणतीन" यापुढे कीर्तन हरलं.

पण आबाजींना दोष देऊन मोकळं होता येत नाही. कर्ज म्हणजे उधळपट्टी आणि उपाय म्हणजे साधी राहणी, एवढंच म्हटलं तर सगळा दोष गरिबाच्या डोक्यावर बसतो. आज वऱ्हाडातला शेतकरी कर्ज काढतो ते बियाण्यासाठी, खतासाठी, फवारणीसाठी, बोअरसाठी. भाव तो ठरवत नाही. पाऊस तो ठरवत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम ही नावं देशभर झाली. ही माणसं जेवणावळी घालून मेली नाहीत.

गाडगेबाबांना हे कळत नव्हतं, असं मला वाटत नाही. नुसती साधी राहणी पुरेशी असती तर त्यांनी नुसती कीर्तनं केली असती. इमारती बांधल्या नसत्या. माणसाने आपली सवय बदलावी, हे कीर्तनात. सवय बदलूनही जे त्याच्या हातात नाही, ते समाजाने उचलावं, हे धर्मशाळेत. आपण त्यांचं पहिलं अर्धं भिंतीवर रंगवलं आणि दुसरं अर्धं विसरलो.

दुसरं एक कर्ज त्यांच्या काळात एवढं मोठं नव्हतं. ते म्हणजे पाण्याचं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून मोठा खारपाणपट्टा आहे. तिथे विहीर खणली की खारं पाणी लागतं, ते धड पिता येत नाही, धड शेताला देता येत नाही. त्या पट्ट्यातल्या गावांना नदी-नाल्याचं आणि पावसाचं पाणी हाच आधार. उलट उत्तरेला वरूड-मोर्शीकडे पाणी गोडं आहे, म्हणून संत्र्याच्या बागा आल्या आणि बागांसाठी बोअर खोल खोल गेले. पाऊस जेवढं पाणी जमिनीत भरतो त्याहून जास्त उपसलं जाऊ लागलं. मामाचा अंगठा कागदावर होता. आपला अंगठा बोअरच्या बटणावर आहे. व्याज दोन्हीकडे चढतंच.

नाव राहिलं, रीत किती राहिली?

२०००-०१ मध्ये महाराष्ट्र सरकारने 'संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान' सुरू केलं. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. या अभियानाची युक्ती बाबांच्या रीतीतून आलेली होती. कामासाठी आधी अनुदान द्यायचं नाही. गावाने आपल्या श्रमाने आणि पैशाने गाव स्वच्छ करायचं, मग तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी तपासणी आणि बक्षीस. गावोगाव लोक उतरले. बक्षिसाच्या रकमेपेक्षा कितीतरी जास्त किमतीचं काम लोकांनी फुकट केलं. पुढे केंद्र सरकारने 'निर्मल ग्राम पुरस्कार' सुरू केला, त्यात महाराष्ट्राची गावं पुढे होती.

२०१६ मध्ये मुंबईच्या पाणी फाउंडेशनने 'वॉटर कप' स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी राज्यातले तीनच तालुके होते: साताऱ्याचं कोरेगाव, बीडचं अंबाजोगाई आणि आपलं वरूड. इथेही गावाला कामाचा पैसा द्यायचा नाही, शिकवायचं. पाणलोट म्हणजे काय, उतार कसा मोजायचा, चर कुठे खणायचा, हे गावातल्या निवडक लोकांना प्रशिक्षणात सांगायचं. मग ऐन उन्हाळ्यात पंचेचाळीस दिवस श्रमदान. पहाटे टिकास-फावडी घेऊन निघालेली माणसं पाहून गावच्या म्हाताऱ्यांना खराटेवाला बाबा आठवला असेल, तर नवल नाही. काही वर्षांनी याच संस्थेने 'फार्मर कप' काढला, त्यात शेतकऱ्यांनी गट करून शेती करायची, एकत्र खरेदी, एकमेकांच्या शेतात श्रम. खर्च कमी म्हणजे कर्ज कमी. पुन्हा मामाच्या कागदाशी नातं.

आणि २०१८. अकोल्याची मोर्णा नदी जलकुंभीने भरून गेली होती. जिल्हा प्रशासनाने हाक दिली आणि १३ जानेवारीला सहा हजारांहून जास्त लोक नदीत उतरले. शंभरावर संस्था, कॉलेजं, शाळेची पोरं, म्हातारे. चार किलोमीटरच्या पट्ट्यात चौदा ठिकाणी दोन्ही काठ साफ केले. दर शनिवारी यायचं ठरलं. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मोर्णेचं नाव घेतलं. अकोल्याला फार अभिमान वाटला, वाटायलाच हवा होता.

पण जलकुंभी हा रोग नाही, लक्षण आहे. शहराचं सांडपाणी नदीत जात राहिलं की त्यातल्या खतावर ती पुन्हा वाढते. त्यानंतर कितीदा तरी पुलावरून जाताना मला मोर्णेवर तो हिरवा गालिचा दिसला आहे. काढायला सहा हजार हात होते, सांडपाणी थांबवायला मात्र पाईप, शुद्धीकरण केंद्र आणि रोजचा कारभार लागतो. कीर्तन झालं, धर्मशाळा राहिली.

गाडगेबाबांच्या खराट्याची ताकद कुठे होती आणि आज ती कुठे अपुरी पडते, ते इथे कळतं. त्यांनी झाडलेला कचरा म्हणजे शेण, राख, पालापाचोळा, फुटकी मडकी. झाडून उकिरड्यावर टाकलं की पावसाळ्यापर्यंत त्याचं खत व्हायचं आणि शेतात जायचं. गावाचा कचरा गावात जिरायचा. आज आपण झाडतो ते प्लॅस्टिक. ते अंगणातून नालीत जातं, नालीतून नाल्यात, नाल्यातून नदीत. पेढी नदी पूर्णेला मिळते, अकोल्याची मोर्णाही पूर्णेलाच. अमरावतीने गाडीत भरलेला कचरा वर्षानुवर्षं सुकळीच्या डेपोवर जातो, आणि न भरलेला पाण्यासोबत खाली. घरासमोरचं झाडून आपण स्वच्छ होतो आणि कचरा दुसऱ्याच्या दारात लोटतो. हेसुद्धा कर्जच. फेडणारा फक्त दुसरा आहे.

म्हणून आज खराटा हातात घ्यायचा तर झाडायच्या आधी प्रश्न विचारावा लागेल: ही वस्तू आली कुठून, जाणार कुठे, आणि मुळात हवी होती का? खापरात जेवणारा माणूस नेमकं हेच विचारत होता.

पेढीचा पूल

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब आंबेडकर गेले. गाडगेबाबा तेव्हा आजारी होते. त्यांचं शेवटचं कीर्तन ८ नोव्हेंबरला मुंबईत वांद्र्याला झालं होतं. मग ते वऱ्हाडात परतले. २० डिसेंबरला त्यांना गाडीतून अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी त्यांचा प्राण गेला. अमरावतीत जिथे त्यांची समाधी आहे, तो भाग आज गाडगेनगर आहे.

पहिलं काम पूर्णेच्या काठी. शेवटचा श्वास पूर्णेला मिळणाऱ्या नदीच्या काठी. मधली पन्नास वर्षं एक माणूस लोकांचं ओझं कमी करत फिरला.

मी ऋणमोचनहून परत आलो त्या आठवड्यात माझ्या मामेभावाच्या साखरपुड्याची बोलणी होती. मंगल कार्यालय, डीजे, ड्रोनचं शूटिंग, साडेचारशे पानं. मामाने तोंडाने हो म्हटलं होतं, पण चेहरा वेगळं सांगत होता. सोयाबीनला भाव नव्हता. मी घरातला शिकलेला म्हणून मला बोलायला लावलं. मला कीर्तन येत नाही. मी फक्त एक आकडा कागदावर लिहिला, खाली बँकेचा व्याजदर आणि हप्ते मांडले, आणि कागद मामेभावासमोर ठेवला. त्याचा मोबाईल अजून हप्त्यावर चालू आहे, त्यामुळे हप्ता म्हणजे काय हे त्याला कुणी समजवायची गरज नव्हती. तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने नवरीकडच्या घरी स्वतःच फोन लावला.

लग्न अंगणात झालं. दीडशे माणसं, पितळी ताटं, पाण्याचे माठ. ताटं गावच्या भजनी मंडळाची होती, कुणाच्याही घरच्या कार्याला ती फुकट मिळतात, फक्त घासून परत द्यायची. ती मंडळाने कधी घेतली, हे मी मामाला विचारलं. "मले नाही माहीत," मामा म्हणाला, "माह्या लग्नातबी होती."

जेवणं उरकली तेव्हा अंगण झाडायला मीच खराटा घेतला. उष्टं गुरांना गेलं, राख उकिरड्यावर. एक पातेलंभर कचरा निघाला. प्लॅस्टिकची एकही पिशवी भरावी लागली नाही.